कोमट पाण्यातली तार

पाणी तापायला लागलं की वसंत डोळे मिटून कान द्यायचा. मग ते चहाचं आधण असो की आमच्या प्रयोगशाळेतली टाकी. "अजून कुरकुरतंय. उकळलं की गप्प होईल," म्हणायचा आणि तसंच व्हायचं. मला तेवढंच सांगायला तापमापी लागायची. माझं डोकंच उठायचं.

विद्यानगरला आम्ही दोघं राव सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. मी पुण्याहून आलेली, तो काचीगुड्याच्या जुन्या वकील घराण्यातला. सरांशी तेलुगूत थट्टामस्करी करायचा, मी बाजूला उभी. विभागात लेक्चररची एकच जागा निघणार होती आणि ती मला हवी होती.

पाण्यात बुडवलेली तापती तार हलवली, तर तिची उष्णता पाण्यात लवकर जाते का, हा माझा विषय. पाणी कोमट असताना जायची. पण तारेवर बुडबुड्यांची झुंबड उडाली की कितीही हलवा, फरक म्हणून पडत नसे. मी तार बदलली, मोटर बदलली, रडकुंडीला आले. वसंतने टाकीशी कान नेला.

"परेशान कायकू होतेस, शैला? बुडबुडेच एवढं ढवळून राहिलेत, तुझं हलवणं पाण्याला कळंना. चूक नक्को शोधू. हेच उत्तर आहे."

प्रबंध माझा, पण सरांनी पाठ थोपटली त्याची. माझा जळफळाट झाला.

देशाची दारं तेव्हा नुकतीच उघडली होती. दिलसुखनगरात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले. वसंत त्यातल्या एकात गेला आणि प्रबंध अर्धा टाकून अमेरिकेला निघाला. "सगळे चाललेत, मी पण जाऊन बघतो," एवढंच म्हणाला. जागा मला मिळाली. "वसंत असता तर..." म्हणून सर थांबले. ते वाक्य मी नोकरीभर मनात पुरं करत आले.

मागच्या हिवाळ्यात तो भेटायला आला. त्याला जरा हळहळ वाटावी म्हणून मी मुद्दाम प्रयोगशाळेत नेलं. टाकी तीच होती, पाणी तापत होतं. त्याने डोळे मिटले. "गप्प झालं बघ." तापमापीही तेच सांगत होती. मग मोटरवर हात ठेवून त्याने विचारलं, "ही तार आपण कशाला हलवायचो गं?"

मला वाटलं, चिडवतोय. पण तो खरंच विसरला होता. मी सगळं सांगितलं.

"हौ? मी बोललो होतो असं?" तो हसला, आणि कोपऱ्यावरचं इराण्याचं हॉटेल अजून आहे का, ते विचारू लागला.

मला त्याचा पुन्हा तितकाच हेवा वाटला. त्याच्या त्या तीन वाक्यांवर माझी सगळी नोकरी उभी आहे, आणि मला ती अजून त्याच्याच आवाजात पाठ आहेत.