डोलीनाचं बिनफाटकाचं कुंपण

शेजारच्या टॉर्किलने तिची कुत्री मारली तेव्हा डोलीना एक शब्द बोलली नाही. गावाला वाटलं, म्हातारीने गिळलं. कसली गिळते! टॉर्किल सांगत सुटला, फ्लॉस माझ्या मेंढ्यांमागे लागली होती, अशा कुत्र्याला गोळी घालायचा मला हक्क आहे. हक्क होता, नाही कोण म्हणतं. पण फ्लॉस आंधळी झालेली, दारातली पायरीसुद्धा चाचपत उतरायची. ती काय मेंढ्यांमागे लागणार, कपाळ! वाट चुकून हद्द ओलांडली, एवढाच तिचा गुन्हा.

बर्फ वितळल्यावर डोलीनाने गावातल्या कुंपणं घालणाऱ्या लॅकलनला दोघांच्या हद्दीवर कुंपण घालायचं काम दिलं. डोंगरापासून तळ्याच्या काठापर्यंत. टॉर्किलच्या रानात पाणी नाही. त्याची गुरं बापजाद्यांपासून तिच्या रानातून तळ्यावर यायची. अशा कुंपणात शेजाऱ्यासाठी फाटक ठेवायचंच, हे आमच्याकडे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. लॅकलन न सांगताच गाडीत फाटक टाकून आला. ते पाहून टॉर्किल निर्धास्त झाला आणि रिवाजाप्रमाणे मदतीला हजर. त्याने खांब वाहिले, खड्डे खणले. डोलीनाने त्याला चहा दिला, वर लोणी थापलेले स्कोन, घरी भाजलेले छोटे गोडसर पाव. इतकं लोणी तिने जन्मात कुणाला वाढलं नव्हतं.

काम वरून खाली सरकत पाण्यापाशी आलं. इथेच फाटक बसायचं. टॉर्किल तार धरून उभा होता. लॅकलनने विचारलं, "बाई, फाटक इथेच ना?"

"फाटक घेऊन जा परत. तार सरळ पाण्यात ने."

लॅकलनने मान खाली घातली. टॉर्किलच्या हातातली तार मात्र सुटली नाही. "अगं डोलीना, माझ्या गुरांनी पाणी कुठे प्यायचं?"

"येऊ देत की इकडे. हद्द ओलांडणाऱ्या जनावराचं काय करायचं, ते तूच शिकवलंस मला. आता तार नीट ताणून धर."

हल्ली टॉर्किल रोज सकाळी गुरं पाण्यावर न्यायला रस्त्याने लांबचा वळसा घालतो, पावसातसुद्धा. तो रस्ता डोलीनाच्या खिडकीखालून जातो. तिने खुर्ची तिथे ओढून घेतली आहे. टोस्टचा शेवटचा तुकडा ती अजून सवयीने खुर्चीखाली धरते. कुणी घेत नाही. मग बाहेर खुरांचा आवाज येतो, आणि तो तुकडा ती स्वतःच चवीने खाते.