बा मिठागरात उतरला तो दिवस

माझा मामा, म्हणजे मायचा धाकटा भाऊ, कोकणातल्या एका बंदराच्या गावी मिठागरावर कारकून होता. आमच्या नात्यागोत्यात चार बुकं शिकून गाव सोडणारा तो एकटाच. बाकी आम्ही मंगरूळच्या शिवेवर वांगी, मेथी, मिरच्या पिकवून बाजारात विकणारे. दिवाळीला आला की तो मायला म्हणायचा, "बाई, एकदा लेकरं घेऊन ये. समुद्र दाखवतो." माय बाच्या तोंडाकडं पाहायची आणि बा म्हणायचा, "मंग मळा कोन पाह्यल?"

एका उन्हाळ्यात आमच्या विहिरीनं तळ गाठला आणि मळ्यात पाहण्यासारखं काही उरलं नाही. ओलीत बंद पडलं. बा काही दिवस रिकाम्या वाफ्यांमधून नुसताच हिंडला आणि एका सकाळी आपणहून म्हणाला, "चाला, जाऊन येऊ." दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. मी आठेक वर्षांची असेन, बहीण पाचाची, भाऊ नुकता धावायला लागलेला. तिकडं नुसता भात खातात असं मायनं ऐकलं होतं, म्हणून तिनं ज्वारीच्या पिठाची थैली बांधून घेतली. कारंज्यापर्यंत बैलांची दमणी, पुढं आगगाडी, मग बोट. बोटीत आम्ही सगळेच ओकलो.

मामा एकटाच राहत होता. त्याचं घर खाडीकाठी, तिथं सगळा चिखल. म्हणून सुटीच्या दिवशी तो आम्हाला अर्ध्या कोसावरच्या पुळणीवर घेऊन गेला. वाळूच्या किनाऱ्याला तिकडं पुळण म्हणतात. मायनं भाकरी, ठेचा, कांदे आणि पिण्याच्या पाण्याची कळशी घेतली होती. सुरूच्या झाडाखाली तिनं घोंगडी अंथरली. बानं कमरेवर हात ठेवून समुद्र पाहिला आणि मामाला विचारलं, "इथं काय करा लागते?"

"काही नाही, भाऊजी. बसायचं."

"किती वेळ?"

"मन भरेपर्यंत."

बा बसला. वाळू मुठीत घेतली, हुंगली, टाकून दिली. "यात काईच येत नसंल," म्हणाला. मग परत समुद्राकडं पाहिलं. माणूस दुसऱ्याच्या घरी जेवणाची वाट पाहत बसतो तसा तो बसला होता. शेवटी उठलाच. "तुहं मिठागर कुठी हाय?"

मामानं झाडांच्या पलीकडं बोट दाखवलं. तिथं पांढरे ढीग दिसत होते. बानं भावाला खांद्यावर घेतलं. मामा सोबत निघाला तर म्हणाला, "तू बस बाईपाशी. मी पाहून येतो."

तोवर माय समुद्राकडं पाठ करून भाकरीचं गाठोडं सांभाळत होती. बा दिसेनासा झाला तशी ती उठली, लुगडं वर खोचलं आणि आम्हा दोघींचे हात धरून पाण्यात गेली. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. एक लाट आली आणि ती कमरेपर्यंत भिजली. मला वाटलं आता चिडेल. ती हसायला लागली आणि म्हणाली, "अजून एक येऊ द्या." आम्ही किती लाटा अंगावर घेतल्या कोण जाणे.

ऊन डोक्यावर आलं, भुका लागल्या, तरी बाचा पत्ता नाही. माय त्याच्याआधी जेवायची नाही. मग आम्ही सगळेच शोधायला निघालो.

मिठागर म्हणजे आमच्या मळ्यासारखंच होतं. चिखलाचे बांध, चौकोनी वाफे, पाण्याचा पाट. फक्त हिरवं असं काही नव्हतं. बा धोतर वर खोचून एका वाफ्यात उभा होता आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं मीठ कडेला ओढत होता. भाऊ झोपडीच्या सावलीत एका मजुराच्या बायकोजवळ बसला होता, तोंडाभोवती मिठाचा पांढरा थर. मजूर बांधावर बसून विडी ओढत होता. मामाला पाहून तो घाईनं उठला. म्हणाला, "मी सांगितलं यांना, पाव्हनं, पाय जलतील. ऐकत नाहीत."

माय ओरडली नाही. "आपला मळा सुकला म्हनून दुसऱ्याच्या वावरात कामाले आले का तुमी?"

"अवं पाहा तं खरं," बा म्हणाला. तो खुशीत होता. "मिठाले बी वाफे हायेत. आपन पानी जिरवतो, हे लोक आटवून राह्यले."

"लेकरं उपाशी हायेत."

तेव्हा कुठं त्यानं फावडं ठेवलं. वाटेत तो मागं पडायला लागला, आणि सुरूच्या झाडापाशी येऊन मटकन बसला. "मले चालनं होत नाई." मायनं त्याचे तळवे पाहिले. जन्मभर ओल्या मातीत उभं राहून टाचांना खोल भेगा पडलेल्या, त्यांत खारट पाणी शिरून मांस लालभडक झालं होतं. मायनं कळशीतल्या पाण्यानं पाय धुतले. ठेच्यावर घ्यायला जवसाचं तेल आणलं होतं, ते सगळं तिनं भेगांत भरलं. आम्ही ठेचा कोरडाच खाल्ला.

मामा बैलगाडी आणायला गेला आणि दुपार आम्हाला मोकळी मिळाली. बहिणीनं बाचा हात ओढला, "बा, आमाले मळा करून दे." पाय धुतलेल्या पाण्यानं वाळू ओली झाली होती, तीत बसल्या बसल्याच त्यानं वाफे काढले, मधून पाट नेला. आम्ही शिंपल्यांनी पाणी आणून ओतायचो आणि तो सांगायचा, वांग्याले एवढं नका देऊ, मेथी तहानली हाय. भाऊ सगळे वाफे तुडवत गेला. बानं ते पुन्हा बांधले. घरच्या मळ्यात वाफ्यात पाय टाकला तर तो आम्हाला दूर हाकलायचा. माय झाडाला टेकून निवांत झोपली होती.

गाडी आली तेव्हा मामा आणि गाडीवाल्यानं बाला दोन्हीकडून धरून चढवलं. मामा काडीसारखा, चढवता चढवता तोच खाली पडला आणि बाच खदखदून हसला.

उरलेले दिवस बा मामाच्या ओसरीवर पाय पसरून बसला. भाऊ त्याच्याजवळ राहायचा. त्याला भरवणं, निजवणं, पाणी पाजणं, सगळं बा करायचा. घरी हे त्यानं कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. माय रोज सकाळी आम्हा दोघींना घेऊन पुळणीवर जायची आणि ऊन तापेपर्यंत परत यायची नाही. बानं एकदाही विचारलं नाही, इतका वेळ काहून लागला म्हणून.