गच्ची सगळ्यांची, गळती आमची

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

लालबागला आमची खोली शेवटच्या मजल्यावर, वर थेट चाळीची गच्ची. पावसाळाभर आमच्या पलंगावर बादली झोपते आणि आम्ही जमिनीवर. आज सकाळी मिस्त्रीने गच्चीच्या दोन-चार लाद्या उचलून दाखवल्या. खालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराची नुसती चाळण झालीय. गणपतीची मिरवणूक बघणाऱ्यांना सावली हवी म्हणून चाळीची कमिटी दरवर्षी लाद्या फोडून मांडवाचे बांबू रोवते, त्याचीच ही भोकं. मिस्त्री म्हणाला, "आता सगळा थर काढून नवीनच करावा लागेल."

हे आमच्या सेक्रेटरींना सांगितलं, तर म्हणतात, "वहिनी, गळतंय तुमच्याकडे, तर तुम्हीच बघा ना. वरून डांबर फासा."

मग मीच बघितलं. गच्चीच्या दाराला माझं कुलूप लावून आले.

दुपारपर्यंत अख्खी कमिटी माझ्या दारात. "अहो वहिनी, यंदा मिरवणूक कुठून बघायची आम्ही?"

म्हटलं, या ना आत, बादली सरकवते, पलंगावर बसा. इतक्या वर्षांत गळती बघायला यांच्यातला एकही जण वर आला नव्हता.

कुलूप अजून तिथेच आहे. तुम्ही असता तर काढलं असतं का?