मालसुकचं यकृत

दक्षिण कोरियाच्या किनाऱ्यावर, तोंगयोंगच्या कालवं सोलायच्या शेडमध्ये मी बावीस वर्षं विमा विकतेय. बाया मला विमेवाल्या काकू म्हणतात आणि मी फुकट रबरी हातमोजे वाटते म्हणून दोन मिनिटं ऐकून घेतात. मालसुकने मात्र मला स्वतःहून बोलावलं. नवरा समुद्रात बुडून गेलेला, पोरगी हेइन अकरा वर्षांची. पोरगी पायावर उभी राहीपर्यंत वीस वर्षांची मुदत विमा पॉलिसी तिला हवी होती. गेल्या पाच वर्षांत काही आजार? काही नाही, म्हणाली. मला खरंच वाटलं. कंबर धरली तरी ही बाई मलमाची पट्टी चिकटवून कामावर येते.

कंपनीने दवाखान्याचे कागद मागवले आणि अर्ज परत पाठवला. चार वर्षं काविळीच्या जुनाट दुखण्याची औषधं, एक्केचाळीस भेटी. मी तणतणत शेडमध्ये गेले. मला खोटं सांगणाऱ्यांचा राग येतो.

मालसुकने कालवाच्या शिंपल्यात सुरी घातली आणि खाली मान घालूनच म्हणाली, "ती माझी ताई होती, काकू."

थोरल्या बहिणीच्या, ग्योंगरानच्या, नवऱ्याचं दुकान बुडालं तेव्हा आरोग्य विम्याचं कार्ड बंद पडलं होतं. तेव्हा दवाखान्यात ओळखपत्र कोण बघायचं? नुसता नागरिक क्रमांक सांगितला की झालं. ताईने बहिणीचा सांगितला. पुढे कार्ड सुरू झालं, पण फाइल मालसुकच्याच नावाने चालू राहिली. आमच्याकडे निम्म्या घरांनी हे केलंय. मीही जावेला माझा क्रमांक दिला होता, त्यामुळे फार बोलायला मला तोंड नव्हतं.

उपाय एकच होता. ताईने दवाखान्यात जाऊन लेखी कबूल करायचं. मग तिच्यावर गुन्हा दाखल होणार. मालसुक म्हणाली, राहू दे. मी चिडले. म्हटलं, पोरीचा विचार कर. ती पुढचा शिंपला उघडायला लागली.

ग्योंगरानला कुणीतरी सांगितलं असावं. चौथ्या दिवशी ती माझ्या दारात आली. डोळे पिवळट. म्हणाली, मी उद्या लिहून देते, तुम्ही पुढचे कागद तयार ठेवा.

दोन वर्षांपूर्वी मीच तिला पॉलिसी विकली होती. तिच्या नावावर एकही आजार नव्हता, कागद कोरे बघून मी खूश झाले होते. तिला मूलबाळ नाही. वारस म्हणून तिने हेइनचं नाव घातलं होतं.

"लिहून दिलंस की तुझी पॉलिसी रद्द होईल," मी म्हटलं. "आणि या यकृतावर दुसरी कुणी देणार नाही."

"माहीत आहे. पोरीला माझं काहीतरी मिळावं म्हणून काढली होती. आता तिच्या आईची तरी खरी होऊ दे."

तिने लिहून दिलं. मालसुकची रक्ततपासणी स्वच्छ निघाली, दोन महिन्यांनी पॉलिसी आली. मी ती शेडमध्ये नेऊन दिली आणि ताईच्या पॉलिसीचं सांगून ती रद्द झाल्याचं पत्रही दाखवलं. सांगायला नको होतं, पण मला राहवेना.

मालसुकने दोन्ही कागद वाचले. शेडमध्ये मजुरी किलोवर मिळते, भर हंगामात कुणी जागेवरून उठत नाही. तिने एप्रन सोडला, अर्धी टोपली तशीच ठेवली आणि ताईकडे निघून गेली.