अण्णांचं जपानी कढण

सुलेखाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे परदेशातल्या ब्लँचर्डस्टाउन गावच्या मराठी मंडळींत जगजाहीर होतं. कुणासाठी सरप्राइज पार्टी ठरली की पहिली खबरदारी तिला न कळवण्याची. पण बाई खरेदीत चोख. बिस्किटाचा पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचल्याशिवाय टोपलीत टाकायची नाही. जिलेटीन, चरबी, अंड्याची भुकटी, सगळी नावं तिला तोंडपाठ.

दोन हजार बाराच्या हिवाळ्यात तिचे सासरे पुरुषोत्तम, म्हणजे अण्णा, नागपूरहून आले आणि न्यूमोनियाने पडले. ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलातून दोन आठवड्यांनी घरी आले ते तोंडाची चव तिथेच ठेवून. मऊ भात पुढे केला की मान फिरवायची, वरणाचं पाणी दिलं की ओठ मिटायचे. वजन सत्तेचाळीस किलो. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, पुढच्या तपासणीपर्यंत वजन वाढलं नाही तर पुन्हा भरती, आणि मग नळीने भरवायचं. सुलेखाची झोप उडाली.

इंटरनेटवर शोधता शोधता तिला मिसो सूप सापडलं. आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, टोफू म्हणजे सोयाचं पनीर, समुद्रातलं वाळलेलं शेवाळ. पचायला हलकं आणि सगळं शाकाहारी! शहरातल्या एका एशियन दुकानात जाऊन तिने एकेक लेबल वाचून सामान आणलं. सूपच्या पाण्यात घालायच्या पावडरीवर लिहिलं होतं, मीठ, साखर, बोनिटो. असेल एखादं जपानी कंदमूळ. पहिल्या दिवशी तिने ते सूप आमटीसारखं खळखळ उकळलं आणि चोथा वेगळा, पाणी वेगळं करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी गॅस बंद करून, मिसो डावात कालवून मग पातेल्यात सोडला. अण्णांनी वाटी रिकामी केली.

“हे कढण बरं आहे,” ते म्हणाले. “उद्या बी कर.”

दहा दिवस दोन्ही वेळा कढण. त्याच्या जोडीने भात जाऊ लागला, वजन दीड किलोने वाढलं. पावडर संपली, म्हणून सुलेखा पुन्हा दुकानात गेली. ते पाकीट शिल्लक नव्हतं. काउंटरवरच्या बाईने दुसरी बरणी पुढे केली. “सेम थिंग. सेम फिश.”

“फिश?”

“बोनिटो. फिश,” ती म्हणाली आणि हाताने मासा पोहून दाखवला.

ज्या घरात बांगडा कुठला आणि सुरमई कुठली हे कुणाला ठाऊक नाही, तिथल्या सुनेला बोनिटो कुठून कळणार? सत्त्याहत्तर वर्षांत अण्णांनी केकसुद्धा अंड्याचा म्हणून खाल्ला नव्हता. त्यांना आपण दहा दिवस मासा पाजला, तोही वाटी पुढे करून, अजून घ्या म्हणत. तिने दुकानाबाहेरूनच नवऱ्याला फोन लावला.

“वेडी आहेस का?” शैलेंद्र म्हणाला. “आत्ता कुठे जेवायला लागलेत. सगळं ग्रँड, मस्त चाललंय. तीच बरणी घे आणि गप्प बस.”

“जाणूनबुजून?”

“सुलू, प्लीज. कळलं तर ते अन्नाला शिवणार नाहीत. मग नळी.”

त्याचं चूक होतं असं तिला छातीठोकपणे म्हणता येईना. तिने बरणी परत ठेवली, त्या बाईला विचारून पावडरीऐवजी शेवाळाच्या जाड वाळक्या पट्ट्या घेतल्या आणि ३९ नंबरची बस पकडली. आजपासून शुद्ध शाकाहारी. झालं ते झालं, पोटात ठेवायचं. घर येईपर्यंत तिने हे स्वतःला शंभरदा बजावलं.

पट्ट्या भिजवल्या, मंद आचेवर ठेवल्या, उकळी यायच्या आत काढल्या. टोफू सोडला, मिसो कालवला. चाखून बघितलं. मिळमिळीत.

सहाला अण्णा टेबलाशी बसले. एक घोट घेतला आणि थांबले.

“आज काय राहून गेलं यात?”

“पाणी जास्त झालं असेल,” शैलेंद्र चटकन म्हणाला आणि त्याने सुलेखाकडे डोळे मोठे करून बघितलं.

सुलेखाने होईल ते होवो म्हणून तोंड उघडलं. “अण्णा, आधीच्या पावडरीत मासा होता. मला माहीत नव्हतं. माझी चूक झाली.” आणि ती रडायलाच लागली.

अण्णा उठले. खुर्च्यांना धरत बेसिनपाशी गेले, तीनदा चूळ भरली. संपलं, सुलेखाला वाटलं, आता हा माणूस माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही.

ते परत येऊन बसले. “कधी माहीत पडलं तुला?”

“आज दुपारी.”

“आणि तुला?” त्यांनी मुलाला विचारलं.

“दुपारीच,” शैलेंद्र म्हणाला. “हिने फोन केला होता.”

“मग पाणी जास्त झालं म्हणे?”

अण्णांनी वाटी जवळ ओढली. ते मिळमिळीत कढण त्यांनी एकेक घोट करत शेवटपर्यंत संपवलं आणि वाटी सुलेखापुढे सरकवली.

“अजून वाढ,” ते म्हणाले. “तू वाढलेल्यात काय आहे ते मी यापुढे विचारणार नाही. यानं वाढलं तर विचारीन.”