चौथ्या क्रमांकाची प्रयोगशाळा

नव्वदच्या दशकात, वाशीतल्या आमच्या कचेरीत, दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान कॉलेजांची प्रतिष्ठा ठरत असे.

दर उन्हाळ्यात आम्ही कॉलेजांच्या क्रमवारीची एक पुस्तिका काढायचो. निकाल, शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांचे गुण कॉलेजांनी भरून पाठवलेल्या फॉर्मवरून द्यायचे. प्रतिष्ठेचे गुण मात्र संपादकांच्या डुलकीतून यायचे. ते जेवून खुर्चीत रेलले की मी एकेक नाव वाचायचो आणि ते मिटल्या डोळ्यांनीच बोटं वर करायचे. कधी तीन, कधी चार, कधी अर्धंच बोट. पंखा कुरकुरत असे, खिडकीतून खाडीचा खारा वारा येई आणि माझ्याही पेंगुळल्या डोळ्यांपुढे सगळी कॉलेजं होड्यांसारखी भरतीच्या पाण्यावर हलकेच वरखाली होत.

बरीचशी कॉलेजं फॉर्म परत पाठवतच नसत. त्यावर आमच्याकडे उपाय होता. मागच्या वर्षीचे आकडे उचलायचे आणि कच्च्या यादीत शेजारी पेन्सिलीनं लिहायचं, ‘पूर्वीप्रमाणे’. छपाईला देताना पेन्सिल खोडायची. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मी स्वतः यातल्या एकाही कॉलेजाची पायरी चढलेलो नव्हतो. गुण मात्र भरघोस वाटायचो!

बेलापूरला आमच्या सोसायटीत जवळच्या दिवाळे गावातली एक कोळीण मावशी मासळी घेऊन येई. एका सकाळी तिनं पाटीवरचं फडकं सारलं, तर पापलेटांशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत आमची पुस्तिका! मागे तिची मुलगी, तोंड फुगवून उभी.

“भाऊ, ह्याच्यात तूच लिवतोस ना? पोरीचं नाव दोन ठिकानी लागलंय. येक तुज्या चार लंबरला, येक सतराला. उद्या बारापर्यंत परवेस घ्यायचा, नायतर जागा जाते. मी बोलते चार, ही बोलते सतरा.”

“मला सूक्ष्मजीवशास्त्र करायचंय,” मुलगी म्हणाली. “सतरावाल्यांची लॅब नवी आहे. माझी मैत्रीण बघून आली.”

“मैत्रीन बोलली ते खरं, आनि छापलेलं खोटं?”

मी घसा खाकरला, एक हात उंचावला. “मावशी, चार नंबरच्या प्रयोगशाळेला पैकीच्या पैकी गुण आहेत.”

“कवाचे?”

“म्हणजे?”

तिनं पाटीतलं पापलेट उचललं, कल्ला उघडला आणि थेट माझ्या नाकाशी धरला. “माज्याकडनं घेताना तू हे बघतोस ना? रोज बघतोस. मी कदी रागावले? आता मी इचारते. ही यादी कवाची पकडलेली हाय?”

चार नंबरशेजारचा तो पेन्सिलीचा शब्द मला लख्ख दिसला. एकदा नव्हे, सलग तीन वर्षं मीच लिहिलेला आणि मीच खोडलेला.

“शिळी आहे,” मी म्हणालो. “तीन वर्षांची.”

“बर्फात ठेवलीस तरी येवडी टिकत नाय रे!” ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन निघाली. “चला. बघूनच येऊ.”

आम्ही तिघं आणि पापलेटं रिक्षात बसलो. रुंद, रिकामे रस्ते, अजून कुणीच राहायला न आलेल्या इमारती, त्यांच्या खिडक्यांतून आरपार दिसणारं आभाळ. आपण कुणाच्या तरी स्वप्नात शिरलोय आणि ते माणूस अजून जागं झालेलं नाही, असं वाटत होतं.

चार नंबरच्या प्रयोगशाळेला कुलूप होतं. “सर सोडून गेले,” शिपाई म्हणाला. “आता पेपरांचे गठ्ठे ठेवतो.” काचेतून पाहिलं. पिवळ्या पडलेल्या खोळींखाली सूक्ष्मदर्शक झोपलेले, धुळीतून तिरका सोनेरी उजेड. पैकीच्या पैकी गुण मिळवून सगळं गाढ झोपलं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं, तेवढं पुरलं.

सतरा नंबरला रंगाचा वास होता. तिथल्या बाईंनी पाटीकडे पाहिलं, हसल्या आणि बर्फाच्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतला. मुलगी भिंगावर वाकली ती वाकलीच. शेवटी मावशीनं तिला कोपरानं ढकललं आणि स्वतः डोळा लावला.

“आगं बया! हलतंय की!” मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात, “सोसायटीत कुनाला बोलू नकोस हां.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मुलीनं सतरा नंबरला प्रवेश घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात मी खोडरबर हरवलं. मुद्दामच. शिवाय पेन्सिलीची अक्षरं शाईनं गिरवली. पुस्तिका छापून आली तेव्हा पानोपानी ‘पूर्वीप्रमाणे’, ‘पूर्वीप्रमाणे’ असं रांगेनं झळकत होतं. दुपारी जेवल्यावर संपादकांनी ती उघडली, आणि दोन ते तीनच्या दरम्यान त्यांचे डोळे पूर्ण उघडे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.