चौऱ्याहत्तर किलोवाला निखिल

पैलवान एकत्र आले की किस्से आपोआप साचतात, गोळा करावे लागत नाहीत. मी लीड्समध्ये वीस वर्षं हॉस्पिटलात फिजिओ आहे आणि संध्याकाळी इथल्या एका युनिव्हर्सिटीच्या रेसलिंग क्लबात पोरांचे खांदे-गुडघे बघतो. फुकट! बायको म्हणते, "दिवसभर तेच, संध्याकाळीही तेच?" आता अर्धं तरुणपण सांगलीच्या तालमीत गेलेल्या माणसानं हिला काय सांगायचं!

तर सध्या आमचे निम्मे किस्से एकट्या निखिल जोगळेकरचे आहेत. पोरगा इथलाच, लीड्समध्ये जन्मलेला. तो पहिल्या वर्षाला असताना कोविड आला आणि सीझन बुडाला. त्याची भरपाई म्हणून युनिव्हर्सिटीनं जुन्या खेळाडूंना मुभा दिली: कुठल्याही कोर्सला नाव असेल तोवर खेळा, स्कॉलरशिपही चालू! चौऱ्याहत्तर किलोत जागा एक, स्कॉलरशिप एक. निखिलनं तिथं जे ठाण मांडलं, ते सहावं वर्ष लागलं तरी उठायचं नाव नाही.

*

फ्रेशर्स फेअरला आमच्या स्टॉलवर निखिल उभा होता. दाढी वगैरे राखलेली. नव्या मुलाचे वडील आले, अदबीनं म्हणाले, "सर, इथे किती वर्षं शिकवताय?"

"शिकतोय," निखिल म्हणाला.

"अच्छा, पीएचडी!"

"नाही. वस्त्रांचा इतिहास."

ते गृहस्थ गेल्यावर मी विचारलं, "अरे, तू इंजिनिअर ना? हे वस्त्रांचं काय मध्येच?"

"काका, सगळं टाइमटेबल बघितलं मी. हा एकच कोर्स ट्रेनिंगशी क्लॅश होत नाही!"

*

मँचेस्टरला एका स्पर्धेत निखिलनं समोरच्या पोराला दोन मिनिटांत चीत केलं. त्या पोराचा कोच तणतणत मॅटजवळ आला. निखिलनं त्याला पाहिलं आणि कडकडून मिठीच मारली! पहिल्या वर्षी दोघं एकमेकांशी लढले होते. तो बिचारा पास झाला, नोकरीला लागला, लग्न झालं, कोचसुद्धा झाला.

"तेव्हा मला पाडलंस," तो म्हणाला, "आता माझ्या विद्यार्थ्याला पाडतोस. माझी मुलगी दीड वर्षाची आहे, तिला तरी सोड!"

*

ह्या सगळ्यात खरे हाल झाले ते टोबीचे. टोबी जवळच्या हल शहरातला. गुणी पोरगा, वजन तेच, चौऱ्याहत्तर. म्हणजे कायमचा राखीव! पहाटे चारला गोदामात पार्सलं उचलायची, मग लेक्चर, मग आमच्याकडे येऊन निखिलच्या हातून आपटून घ्यायचं. तक्रार म्हणून नाही.

दुसऱ्या वर्षी कंटाळून त्यानं अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या कोचला मेल टाकली. तिकडे तर हे जास्तीच्या वर्षांचं प्रकरण आणखी जोरात. उत्तर आलं: "तुझा व्हिडिओ आवडला. पण आमचा त्या वजनाचा मुलगा अजून एक वर्ष राहतोय. त्याच्या बायकोला जुळी व्हायची आहेत, ती झाल्यावर विचार."

टोबीनं मला ती मेल दाखवली. हसला. पण मला काही ते हसू बघवलं नाही.

*

हे कळलं निखिलच्या आईला, म्हणजे जोगळेकर वहिनींना. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एवढंच ना? त्याला वरच्या वजनात बसवू. शहाऐंशी किलो!"

झालं! दर रविवारी टोबी जोगळेकरांकडे जेवायला. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, वर तुपाची धार. "काकू, नो मोअर," टोबी म्हणायचा आणि वहिनी वाढायच्या. दोन महिन्यांनी आमच्या कोचनं, ग्रॅहमनं, त्याला काट्यावर उभं केलं. ऐंशी!

चौऱ्याहत्तरला जास्त, शहाऐंशीला चिरडून निघेल. ग्रॅहमनं कपाळावर हात मारला. पुढचे तीन महिने पोरगं उकडलेल्या भाज्या खाऊन पळत होतं. वहिनी इतक्या ओशाळल्या की घरी श्रीखंड करणंच बंद केलं.

*

आता गेल्या महिन्यातलं ऐका. चौऱ्याहत्तरच्या जागेसाठी निवड चाचणी. टोबीचं हे शेवटचं वर्ष. त्यानं मला आधीच सांगितलं होतं, "ह्या वेळी स्कॉलरशिप नाही मिळाली तर सोडतो. पहाटेची शिफ्ट आणि कुस्ती, दोन्ही नाही झेपत आता." निखिल शेजारीच होता तेव्हा. बुटांच्या नाड्या बांधत होता.

वहिनी पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन. निखिल पहिल्या मिनिटात चार-शून्य पुढे. टोबी धापा टाकतोय. निखिल नेहमीसारखा उजवा पाय पुढे ठेवून उभा.

आणि वहिनी ताडकन उठल्या! "अरे टोबी, डावा पाय धर त्याचा, डावा! लहानपणापासून तिकडेच पडतो तो!"

अख्ख्या हॉलमध्ये मराठी कळणारे तिघेच. वहिनी, मी आणि निखिल. टोबीनं नुसतं भांबावून पाहिलं.

निखिलनं आईकडे बघितलं. मग हसला. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा डावा पाय पुढे टाकून उभा राहिला.

टोबीनं तो पाय धरला. अर्ध्या मिनिटात निखिलचे दोन्ही खांदे मॅटला टेकले! मी मेला शिट्ट्या मारत होतो आणि डोळेही पुसत होतो.

ग्रॅहम माझ्याकडे वळला. "ती बाई काय ओरडली?"

"काही नाही रे. आईनं पोराला आशीर्वाद दिला."

"कुठल्या पोराला?" ग्रॅहमनं विचारलं.